कशापेक्षा लांब?

पत्र (थोडं कमी करून देतेय):

"ताई, मी सिंधुदुर्गातल्या एका द्विशिक्षकी शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. दोन्ही वर्ग एकाच खोलीत, मिळून १९ मुलं. लांब-आखूड मी नीट घेतलं, वर्कशीट सोडवून घेतल्या, सगळ्यांच्या बरोबर आल्या. मागच्या आठवड्यात साहेब भेटीला आले. त्यांनी पहिलीतल्या एका मुलीसमोर दोन सारख्या पेन्सिली ठेवल्या, ती म्हणाली सारख्या आहेत. मग त्यांनी एक पेन्सिल जराशी पुढे सरकवली आणि विचारलं, आता कुठली लांब? तिने लगेच सरकवलेली दाखवली. बाकीची मुलंपण तेच म्हणाली. साहेब काही बोलले नाहीत पण मला फार लागलं. कृतीतून शिकवा असं सगळे सांगतात, पण माझ्याकडे साहित्य नाही, आणि थोडं काही केलं की पालक म्हणतात शाळेत नुसतं खेळवतात. प्रत्येकाच्या हातात फूटपट्टी दिली तर हा गोंधळ सुटेल का? माझं कुठे चुकलं?"

ताई, पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. ३१ वर्षं पहिलीच्या वर्गात काढलीयत मी, आणि साहेब निघून गेल्यावर रिकाम्या वर्गात बसून "आपण इतके दिवस केलं काय" असं वाटणं काय असतं ते मला चांगलं माहितीय. म्हणून आधी हे सांगते की त्या मुलीच्या डोक्यात काही कमी नाही आणि तुमच्या कष्टातही नाही. वर्कशीटनं तुम्हाला फसवलंय. कसं ते सांगते.

पेन्सिलीचा तो प्रयोग फार जुना आहे. जाँ पियाजे नावाचे स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी गेल्या शतकात लहान मुलांसमोर अशाच दोन सारख्या काड्या ठेवल्या, एक सरकवली आणि विचारलं. सहा-सात वर्षांच्या आतली बरीच मुलं सरकवलेली काडी लांब म्हणाली. स्वित्झर्लंडची मुलं म्हणाली, तुमची मुलगी पण म्हणाली. त्या वयाचं मूल एकाच टोकाकडं बघतं. पुढं एक टोक गेलं तेव्हा मागं दुसरं टोक पण तेवढंच सरकलं, हे दोन्ही एकदम मनात धरायला अजून जमत नसतं.

पण याच्या पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १९७४ च्या सुमाराला स्कॉटलंडमधे मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी हाच प्रयोग जरा बदलून केला. मोठ्या माणसानं मुद्दाम सरकवायच्या ऐवजी एक खोडकर टेडी बेअर पेटीतून निघतो आणि मांडलेलं सगळं विस्कटून टाकतो, आणि मग मुलांना विचारायचं. तर आधीपेक्षा कितीतरी जास्त मुलं म्हणाली की सारखंच आहे. मुलं तीच, वय तेच, फक्त विस्कटणारा बदलला. कारण मोठं माणूस जेव्हा समोर बसून काहीतरी करतं आणि तोच प्रश्न परत विचारतं तेव्हा मुलाला वाटतं की आता उत्तर बदलायला पाहिजे, नाहीतर परत कशाला विचारतील. आणि आपल्या शाळेत तर हे फारच. आपण कधी बरोबर उत्तराला परत विचारतो का हो? चुकलं की आपण म्हणतो "नक्की? नीट बघ परत." म्हणजे परत विचारलं की चुकलं, हे पोरं जून संपायच्या आत शिकलेली असतात. त्यात विचारणारे साहेब. त्यामुळं त्या एका मिनिटावरनं ना मुलीला जोखा ना स्वतःला.

तरी तो प्रसंग विसरून पण जाऊ नका, कारण त्यातनं एक खरी गोष्ट दिसलीय. तुमच्या कपाटातल्या लांब-आखूडच्या वर्कशीट काढा आणि बघा. वर एक पेन्सिल खाली एक पेन्सिल, वर एक साप खाली एक साप, आणि दोन्हींची डावी टोकं अगदी एका रेषेत. बहुतेक सगळ्या अशाच असतात, चित्र काढणाऱ्याला ते नीटनेटकं वाटतं म्हणून. मग मूल त्यातनं काय शिकतं, तर उजवीकडं कोण पुढं गेलंय ते बघायचं आणि त्याला गोल करायचं. वीस वर्कशीट अशा सोडवल्या की नियम पक्का. साहेबांनी पेन्सिल पुढं सरकवली तेव्हा त्या मुलीनं तुम्ही दिलेला नियमच लावला, मन लावून लावला. तिला लांबी विचारलीच नव्हती कधी, तिला टोक विचारलं होतं.

आणि आता आपली भाषा बघा. दोरी लांब असते आणि बाजार पण लांब असतो. पुढं सरकवलेली पेन्सिल, मराठीत बोलायचं तर, खरंच लांब गेलेली असते! सहा वर्षांच्या पोरीला "आता कुठली लांब" विचारलं आणि तिनं दूर गेलेली दाखवली तर तिचं काय चुकलं. मला हे कळायला फार वर्षं लागली, आणि कळल्यावर मी किती पोरांना उगाच चूक दिली असेल या विचारानं त्या रात्री झोप आली नाही. शिवाय घरी ही मुलं लांब-आखूड बोलतच नाहीत फारसं, घरी सगळं मोठं आणि बारकं. मोठा भाऊ, मोठा दगड, मोठी सुट्टी, मोठ्यानं बोल. एकाच शब्दात वय, वजन, वेळ, आवाज सगळं. त्यात उभं असलं की उंच आणि आडवं असलं की लांब, तौक्ते वादळात २०२१ ला तुमच्याकडचे किती माड आडवे झाले, आदल्या दिवशी उंच असलेला माड दुसऱ्या दिवशी लांब झाला, माड तोच. मोठ्यांना यात काही वाटत नाही, पण मुलाला हे सगळं एकेक करून सुटं करावं लागतं आणि ते बोलून बोलूनच सुटं होतं.

म्हणून माझा पहिला सल्ला अगदी छोटा आहे, फुकटचा आहे. "पेक्षा"शिवाय उत्तर घ्यायचं नाही. मराठीत तुलना सगळी त्या एका शब्दावर उभी आहे. मूल म्हणालं "ही काठी लांब", की तुम्ही शांतपणे विचारायचं, "कशापेक्षा?" रागानं नाही, परीक्षा घेतल्यासारखं पण नाही, खरंच कळलं नाही म्हणून विचारतो तसं. मी हातभर लांबीची एक काठी घेऊन उभी राहायचे, ही लांब का आखूड? पोरं ओरडायची लांब! मग दाराआडनं वाशाएवढा बांबू काढायचे आणि काठी त्याच्याशेजारी धरायचे, आता? आखूड! मग खिशातनं काडेपेटीतली काडी. परत लांब! असं चार-पाच वेळा झाल्यावर एक पोरगा एकदम उभा राहून म्हणाला होता, "बाई, काठी तीच हाय, शेजारचं बदलतंय." ते वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलं, महिनाभर पुसलं नाही.

दुसरा सल्ला, बूड. तुमच्याकडं हिरांचा, म्हणजे माडाच्या पानांतल्या काड्यांचा, खराटा असेलच वर्गात. झाडून झाल्यावर मावशी तो उलटा करून जमिनीवर आपटतात बघा, ठक ठक, का? तर बूड सारखं व्हावं म्हणून. भाजीवाली मेथीची जुडी बांधताना तेच करते, मोळी बांधणारी बाई पण तेच. पोरांनी हे हजारदा बघितलेलं असतं. तुम्ही खराटा वर्गात आणा, मुलांनाच आपटू दे, आणि मग विचारा, आता कुठला हीर सगळ्यात लांब ते कळतंय का? आणि आपटायच्या आधी कळत होतं का? हा "बूड जुळवा" शब्द वर्गात रुजवला की अर्धी लढाई जिंकलात. खोलीत जमिनीवर खडूनं एक सरळ रेघ मारून ठेवा, तिचं नाव बूडरेघ. काहीही मापायचं असलं की दोन्ही वस्तूंची बुडं रेघेवर. मुलं एकमेकांवर ओरडायला लागतात, "ए, बूड जुळवलं नाय!" तुम्हाला काही बोलावंच लागत नाही. तेवढ्यासाठी दुसरीच्या पोरांना पंच करा, एका खोलीत दोन वर्ग असल्याचा तुम्हाला झालाच तर फायदाच आहे यात.

आता तो एका टोकाकडं बघण्याचा रोग, त्यावर मुठीतल्या काड्यांसारखं औषध नाही. तीन-चार हीर वेगवेगळ्या लांबीचे घ्या, मुठीत असे धरा की वरची टोकं सगळी एका पातळीत आणि खालचा भाग मुठीत झाकलेला. विचारा, कुठला सगळ्यात लांब? पहिल्या दिवशी सगळी म्हणतात सारखे आहेत. मग एकेकानं एक ओढायचा. ओढल्यावर जो लांबच लांब निघतो ना, त्या वेळचे पोरांचे चेहरे बघा तुम्ही. दुसऱ्या दिवशी परत तेच करा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी म्हणतंच, "बाई मूठ उघडा, खालचं दिसत नाय." बस्स! हेच पाहिजे होतं. एक टोक बघून सांगता येत नाही, हे पोरांना तुम्ही सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि विसरली असती, हातानं ओढून कळलं ते विसरत नाही.

मग वर्ग अंगणात काढा. पाऊस असला तर व्हरांड्यात, आधी थोडं सामान टाकून ठेवा. प्रत्येकाच्या हातात एक काडी द्यायची, सगळ्यांच्या वेगवेगळ्या, आणि सांगायचं, तुझ्या काडीपेक्षा लांब एक वस्तू आण आणि आखूड एक आण, मी शंभर म्हणेपर्यंत. पळापळ होते, होऊ द्या. पान, शेंग, दगड, चप्पल, काय वाट्टेल ते आणतात. खरं शिकणं पळण्यात नाही हं, परत आल्यावर आहे, आणि इथं पुष्कळ शिक्षक घाई करतात, मुलं दमली, वेळ संपला, फोटो निघाला की झालं. असं करू नका. गोलात बसवा, एकेकानं बूडरेघेवर ठेवून दाखवायचं आणि पूर्ण वाक्य बोलायचं, "शेवग्याची शेंग माझ्या काडीपेक्षा लांब आहे, चिंचेचं पान माझ्या काडीपेक्षा आखूड आहे." १९ मुलं म्हणजे वेळ जाणार, मग रोज सहा-सात जणांचं घ्या, तीन दिवस चालू दे. मधे एखादं मूल दगड आणतं, गोल गरगरीत, आणि सगळे गप्प होतात, याची लांबी कुठली? मी त्याला बक्षीस दिल्यासारखी शाबासकी द्यायचे, कारण तो प्रश्न शंभर वर्कशीटमधे येत नाही. आणि भाषेची एक काळजी घ्या, घरचा शब्द आला तर मोडू नका. "बारकं" म्हणालं तर "हो, बारकं. म्हणजे जाडीला बारकं का लांबीला?" असं विचारा, पुस्तकातला "आखूड" तुमच्या तोंडून सारखा कानावर पडत राहिला की आपोआप येतो.

दोनच वस्तूंची तुलना जमली की तीन, मग पाच, लावा ओळीनं. यावर फार लिहीत नाही, तुम्ही करताच असाल. फक्त बघा की मूल नवीन काडी मधे कुठं बसवायची ते दोन्ही शेजाऱ्यांशी लावून बघतंय का, का नुसती शेवटी चिकटवून मोकळं होतंय.

पडवळ मात्र करायचंच. कोकणात राहता तुम्ही, पावसाळ्यात मांडवावर पडवळ असणारच कुणाच्या तरी परसात. सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात हे मुलांना माहिती असतं, त्यांनाच सांगू दे. एक सरळ वाढलेलं पडवळ आणि एक वेटोळं झालेलं, दगड न बांधलेलं, अशी दोन मागवा. कुठलं लांब? बूडरेघेवर ठेवलं तर वाकडं आखूडच दिसतं. इथं पोरं भांडतात, खूप भांडतात, भांडू द्या. कुणी ते वाकडं ओढून सरळ करायला बघतं, ते मोडतं. मग तुम्ही काही न बोलता सुतळीचा गुंडा मधे ठेवा आणि बाजूला व्हा. कुणीतरी सुतळी पडवळावरनं फिरवतंच, पहिलीत नाही सुचलं तर दुसरीतल्या कुणाला तरी सुचतं. फिरवली, कापली, सरळ केली, रेघेवर ठेवली. वाकडी लांबी सरळ करता येते हे त्या दिवशी कळतं. त्याच सुतळीनं मग डोकं मापा, म्हणजे आधी अंदाज करायचा, डोक्याभोवती फिरवायला केवढी सुतळी लागेल, तेवढी कापायची, मग गुंडाळून बघायची. मोठ्यांचे पण अंदाज चुकतात, तुम्ही स्वतः वर्गात करून बघा मुलांसमोर, बाईंचं पण चुकलं हे बघून भित्री पोरं मोकळी होतात. आणि नंतर पडवळाची भाजी करा पोषण आहारात, वाया कशाला घालवायचं.

सुतळी हातात आली की पुढची पायरी आपोआप येते. दोन वस्तू शेजारी आणताच येत नसतील तर? तुमचं कपाट दारातनं बाहेर निघेल का, दार इकडं, कपाट तिकडं, दोन्ही उचलता येत नाहीत. हा प्रश्न खराच विचारा, खोटा नको, खरोखर टेबल किंवा बाक हलवायचा असेल त्या दिवशी विचारा. सुतळीनं बाकाची रुंदी घ्यायची, दारापाशी न्यायची, लावायची. सुतळी बाकाएवढी आणि दार सुतळीपेक्षा रुंद, म्हणजे दार बाकापेक्षा रुंद. मधे एक तिसरी गोष्ट आणून दोन लांबच्या गोष्टींचा निवाडा करता येतो, हे केवढं मोठं पाऊल आहे सांगू, पुढं सगळी मापं याच्यावरच उभी राहतात. घाई करू नका इथं. पहिलीतल्या काहींना हे यावर्षी जमणार नाही, चालेल.

आता फूटपट्टी. थेट उत्तर देते, पहिलीला आत्ता नको. फूटपट्टी म्हणजे बाहेरनं सोपी आणि आतनं फार अवघड वस्तू आहे. एकच सेंटीमीटर परत परत शेजारी शेजारी मांडलाय, मधे फट नाही, एकावर एक चढलेला नाही, आणि सुरुवात शून्यापासून आहे, एवढं सगळं त्या छापील रेघांच्या मागं लपलेलं असतं. ते कळलेलं नसताना हातात दिली की मूल काय करतं, तर १ च्या आकड्यावर बूड ठेवतं आणि शेवटी जो आकडा दिसेल तो वाचतं. चौथी-पाचवीतली मुलं पण हे करताना मी बघितलीयत. आपणच घाईनं दिली ना.

त्याऐवजी आधी त्यांच्याच अंगातली मापं येऊ दे, वीत, पाऊल, हात. विटी-दांडू खेळणाऱ्या पोरांना तर हे शिकवायलाच नको, विटी किती लांब गेली ते ती दांडूनं मोजतात, दांडू ठेवायचा, जिथं संपला तिथंच परत ठेवायचा, मधे जागा सोडली तर समोरची टीम अंगावर येते. मोजमापाचे सगळे नियम आहेत त्यात, पंचासकट! वर्गात विटी नको, डोळ्याला लागायची भीती, एक चेंडू घरंगळत सोडा आणि तो कुठं थांबला ते काठीनं मोजायला लावा. फट सोडली तर आकडा कमी येतो, काठीवर काठी चढली तर जास्त येतो, हे दोन गटांचे आकडे वेगळे आल्यावर आपोआप बोलायला येतं. आणि एकदा वीत घ्या. तोच बाक, एका मुलीच्या सात विती, तुमच्या पाच. कोण चुकलं? कुणीच नाही. "बाई तुमची वीत मोठी आहे" असं कुणी म्हणालं की लगेच विचारा, मग बाक मागवायचा असेल तर सुताराला काय सांगायचं? इथनं पुढं सगळ्यांची एकच काडी ठरते, ती काडी म्हणजे यांची फूटपट्टी, यांनी शोधलेली. दुसरीच्या अखेरीला किंवा तिसरीत खरी पट्टी हातात आली की ती त्यांना ओळखीची वाटते.

साहित्याचं म्हणाल तर तुम्ही ज्या भागात आहात तिथं साहित्य नाही असं मी म्हणू देणार नाही तुम्हाला! माँटेसोरीच्या शाळांमधे लांबी शिकवायला लाल रंगाच्या दहा काठ्या असतात, सगळ्यात आखूड १० सेंटीमीटर, मग २०, ३० असं करत सगळ्यात लांब एक मीटर. विकत घ्यायला महाग. पण बांबूच्या कामट्या तासून तुमच्या गावातला कुणीही तेवढ्या करून देईल, एका संचाला साडेपाच मीटर कामटी पुरते, कडा घासून घ्या म्हणजे कुसळ घुसणार नाही. गंमत अशी की या काठ्या स्वतःच चूक दाखवतात. ९० च्या पुढं सगळ्यात आखूड काठी लावली की बरोबर मीटरएवढी होते, ८० च्या पुढं २० ची. मूल एकटं बसून हे शोधत बसतं, तुम्ही तेवढा वेळ दुसरीकडं बघू शकता. आपल्याकडं ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि नंतर १९५७ पासून कोसबाडला हेच केलं, महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, काड्या, पानं यांच्यावर बालवाडी उभी केली. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या एका जुन्या बाईंनी मला हे सांगितलं होतं, की साहित्य मागवू नका, गोळा करा, आणि पोरांनाच गोळा करू द्या.

एक गोष्ट करू नका ताई, मनापासून सांगते. मुलांना उंचीनं ओळीत उभं करून कोण उंच कोण ठेंगणं हे घेऊ नका. पुस्तकात असतं, सोपं पण वाटतं, पोरं हसतात पण. पण जे सगळ्यात शेवटी उभं राहतं त्याला त्या दिवशी नाव पडतं, आणि ते नाव सातवीपर्यंत जात नाही. माझ्या वर्गात एका मुलाला पडलं होतं, माझ्या तासाला पडलं होतं. त्यानंतर मी दाराच्या चौकटीवर प्रत्येकाची खूण करायला लागले, जूनमधे एक, दिवाळीनंतर एक, मार्चमधे एक, आणि मूल स्वतःचीच तुलना स्वतःशी करतं. "मी जूनमधल्या माझ्यापेक्षा उंच झालो." सुतळीचा तुकडा कापून चिठ्ठी लावून ठेवली तरी चालतं.

पालक म्हणतात नुसतं खेळवता. त्यांच्यावर रागावू नका, त्यांनी शाळा म्हणजे पाटी-पुस्तकच बघितलंय. समजावून सांगत बसू नका, बोलवा. वर्गात कुणाचे वडील सुतार असतील, गवंडी असतील, कुणाची आई शिवणकाम करत असेल. अर्धा तास यायला सांगा आणि त्यांच्या कामात लांबी कशी बघतात ते मुलांना दाखवू दे. सुतारकाका "दोन सूत कमी पडलं" म्हणतात म्हणजे काय, शिवणाऱ्या काकी जुन्या ब्लाउजवरनं नवीन कसा बेततात, ती तर सुतळीचीच युक्ती आहे, मधे तिसरी गोष्ट आणून माप नेण्याची. आपलं रोजचं काम शाळेत शिकवतात हे बघितल्यावर तोच बाप दुसऱ्या दिवशी कामट्या तासून पाठवतो, हे मी एकदा नाही, पुष्कळदा बघितलंय. आणि घरचा अभ्यास म्हणून एक वाक्य द्या फक्त, स्वयंपाकघरातल्या दोन वस्तू बूड जुळवून लाव आणि "पेक्षा" लावून आईला सांग. लाटणं पळीपेक्षा आखूड आहे. एवढंच. आई ऐकते, तिला कळतं की काहीतरी शिकवलंय. लहान मुलांच्या वाचन-गणितासाठीचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ मधे आलं, त्यात मापन पायाभूत गणिताचाच भाग धरलंय, तेव्हा वरनं कुणी विचारलं तर तेही सांगायला तुमच्याकडं आहे.

रोज पंधरा-वीस मिनिटं, तीन आठवडे. त्यापेक्षा जास्त ओढू नका, अधनंमधनं वर्षभर परत येऊ दे. वर्कशीट द्यायचीच असेल तर शेवटी द्या आणि तुम्ही स्वतः हातानं काढा, टोकं मुद्दाम मागंपुढं करून, एखादी तिरकी, एखादी उभी. उभी रेघ आडवीपेक्षा लांब वाटते, आपल्यालाही वाटते, म्हणून मुलांना कागदाची पट्टी देऊन लावून बघायला सांगा, नुसतं डोळ्यानं नको. वहीत टिपण ठेवणार असाल तर बरोबर-चूक असं नका लिहू, तीनच गोष्टी बघा, बूड जुळवतं का, पेक्षा म्हणतं का, आणि शंका आली की स्वतःहून लावून बघतं का. तिसरी आली की मी निश्चिंत व्हायचे.

आता ती मुलगी. तिला मधे काही दिवस पेन्सिली दाखवूच नका. मुठीतल्या काड्या, खराटा, पडवळ हे सगळं तिच्या हातनं होऊ दे, जमलं तर तिला पंच करा एखाद्या दिवशी. मग एका निवांत वेळी, सगळ्यांसमोर नको, दोन सारखे हीर तिच्याच हातात द्या. बूड जुळवून सारखे आहेत हे तिलाच बघू दे, आणि सरकवायचं पण तिनंच. प्रश्न बदला, "कुठली लांब" नको, विचारा, "याच्यातला एखादा वाढला का गं? का नुसता सरकला?" आणि काहीही म्हणाली तरी "नक्की?" म्हणू नका. "दाखव मला" म्हणा. परत बूडरेघेवर आणून दाखवलं तर झालंच, आणि नाही दाखवलं, तरी ती सहा वर्षांची आहे, दिवाळीनंतर परत द्या तिला ते हीर. तेव्हा ती काय म्हणाली ते मला कळवा, तिच्याच शब्दात कळवा, मी वाट बघतेय.